शाळेतली दादागिरी: हात मिळवून मिटत नाही, मग करायचं काय?

मुलाला शाळेत कुणी त्रास देतंय असं कळलं की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. गुरुजी दोघांना बोलावतात, वर्गासमोर उभं करतात, "हात मिळवा, परत करणार नाही म्हणा" म्हणतात आणि पुढचा तास सुरू होतो. त्याच संध्याकाळी बसथांब्यावर त्या पोराला दुप्पट भोगावं लागतं, कारण आता त्यानं नाव सांगितलेलं असतं. दोन बरोबरीच्या पोरांचं भांडण असं मिटतं. दादागिरी अशी मिटवायला गेलं की ती वाढते.

म्हणून आधी समोर काय आहे ते ओळखायचं. तीन गोष्टी तपासा. त्रास मुद्दाम दिला जातोय का? पुन्हापुन्हा दिला जातोय का? आणि देणाऱ्याचं पारडं जड आहे का? क्रिकेटमध्ये आऊट की नॉटआऊट यावरून दोन सातवीतली पोरं एकमेकांची कॉलर धरतात, ते भांडण. पण नववीतली तिघं मिळून रोज आठवीतल्या एकाची सायकलची हवा सोडतात, ती दादागिरी. पारडं नुसत्या अंगकाठीनंच जड होतं असं नाही. वय, जात, पैसा, सोबतची टोळी, हातातला मोबाईल आणि आपल्या बेळगाव सीमाभागात भाषासुद्धा त्यात धरायची. मुलींच्यात मारहाण कमी आणि वाळीत टाकणं जास्त दिसतं: डबा खाताना सगळ्यांनी उठून जाणं, गॅदरिंगच्या नाचातून नाव गाळणं, एखादीबद्दल नको ते उठवणं. त्याची खूण अंगावर दिसत नाही म्हणून ते कमी लेखू नका.

घरात काय दिसतं

मूल आपणहून क्वचित सांगतं. "मला शाळेला जायचं नाही, पोट दुखूलालंय" हे रविवारी रात्री आणि सोमवारी सकाळी ऐकू येतं, आणि सुट्टी लागली की पोट बरं होतं. ते नाटक समजू नका. भीतीनं पोट खरंच दुखतं.

एक महत्त्वाची खूण मात्र पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. मूल शाळेतून आलं की दप्तर टाकून आधी संडासाकडे धावतं का ते बघा. शाळेतल्या मुतारीकडे शिक्षकांची नजर नसते, दाराला कडी नसते, म्हणून छळ तिथंच जास्त होतो. दिवसभर लघवी दाबून धरलेली असते आणि ती लागू नये म्हणून पाणीही प्यायलेलं नसतं. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच परत येते. बाटली भरलेली आणि पोर धावत आत, असं आठवडाभर दिसलं तर विचारायची वेळ झाली.

बाकीच्या खुणा: पेन, कंपास, बसपास वारंवार "हरवणं", नेहमीपेक्षा जास्त पैसे मागणं, लांबच्या वाटेनं घरी येणं, वहीची पानं फाटलेली असणं, मोबाईल वाजला की दचकणं, अभ्यासात एकदम घसरगुंडी. एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढू नका. दोनतीन एकत्र दिसल्या की बोला.

पहिलं बोलणं

समोर बसवून उलटतपासणी घेऊ नका. शेंगा फोडताना, शेताकडे जाताना, मोटारसायकलवर मागं बसलेलं असताना पोरं मोकळी बोलतात, कारण डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. "तुला कोण त्रास देतंय?" असं थेट विचारलं तर "कोण नाही" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: "मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतोस?", "बसमध्ये कुठं बसतोस?", "शाळेत कुठल्या जागी जायला नको वाटतं?" जागेबद्दल विचारलं की माणसं आपोआप पुढं येतात.

ऐकून झाल्यावर एवढंच म्हणा: "बरं केलंस सांगितलंस. यात तुझी चूक नाही. मी काय करणार ते तुला आधी सांगेन." कुणालाच सांगणार नाही असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही.

तीन वाक्यं टाळा. "तूही चार ठेवून द्यायच्या" हे सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात घातक. पारडं समोरच्याचं जड असल्यामुळेच त्रास सुरू झालेला असतो. मूल मारायला गेलं तर मार खाऊन येतं, आणि चुकून जास्त लागलं तर तेच गुन्हेगार ठरतं. "लक्ष देऊ नको" हे एकदोनदा चिडवण्यापुरतं ठीक, रोजच्या छळाला त्याचा उपयोग नाही. आणि "तू काय केलं होतंस?" विचारलं की मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

आणखी एक, ही लहान गावातली अडचण आहे. त्या पोराच्या घरी जाऊन जाब विचारू नका. दोन्ही बाप एकाच कारखान्याला ऊस घालणारे, दोन्ही आया एकाच महिला संघात, घरं एकाच गल्लीत. दारात उभं राहून बोललं की विषय पोरांचा राहत नाही, जुने बांधाचे आणि मतांचे हिशेब निघतात. बोलणं शाळेच्या मार्फतच व्हावं.

लिहून ठेवा

एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक प्रसंगाला पाच ओळी: तारीख आणि वेळ, जागा, कोण कोण होतं, नेमकं काय केलं किंवा म्हटलं, कुणी बघितलं. शिवी ज्या भाषेत दिली त्याच भाषेत, जशीच्या तशी लिहा. जातीवरून बोललं असेल तर तो शब्दही लिहा. तो प्रकार चिडवणं म्हणून सोडून द्यायचा नाही, शाळेला ते वेगळं सांगायचं. "सारखा त्रास देतात" या तक्रारीवर मुख्याध्यापक काही करू शकत नाहीत. "मंगळवारी जेवणाच्या रांगेत ताट हिसकावून घेतलं, वर्गातल्या दोघांनी बघितलं" यावर करू शकतात.

अंगावर वळ असतील तर त्याच दिवशी फोटो काढा आणि सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. व्हॉट्सॲपवरचे मेसेज असतील तर नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. आपोआप पुसले जाणारे मेसेज दुसऱ्या मोबाईलनं फोटो काढून ठेवा. मग ब्लॉक करा, आधी नाही. एक अपवाद नीट लक्षात ठेवा: मुलाचा किंवा मुलीचा उघडा फोटो, व्हिडिओ फिरत असेल तर पुरावा म्हणूनसुद्धा तो कुणाला पाठवू नका, ग्रुपवर टाकू नका, कॉपी काढू नका. ज्या मोबाईलवर आलाय तो घेऊन थेट पोलीस ठाण्यात किंवा सीईएन ठाण्यात (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं पोलीस ठाणं) जा.

शाळेत कसं जायचं

आधी वर्गशिक्षक, तोंडी. मधल्या सुट्टीत दारात उभं राहून नाही, वेळ मागून. दोन दिवसांत हालचाल दिसली नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज. अर्ज एका पानाचा पुरे:

"माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता आठवीत शिकतो. पुढील तारखांना त्याला शाळेत त्रास दिला गेला (तारीख, जागा, प्रकार). याबाबत आपण चौकशी करून, मधली सुट्टी व शाळा सुटण्याच्या वेळी लक्ष ठेवण्याची व्यवस्था करावी. काय व्यवस्था केली हे आठ दिवसांत कळवावे, ही विनंती."

दोन प्रती न्या, एकीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या. वरची कचेरी कन्नडमध्ये चालते. म्हणून अर्ज पुढं न्यायची वेळ आली तर मराठीसोबत कन्नड प्रतही जोडा, भाषांतरासाठी म्हणून कागद टेबलावर पडून राहायला नको. भेटीत तीनच प्रश्न विचारा: लक्ष कोण ठेवणार, कधीपासून, आणि आपण पुन्हा कधी भेटायचं? शिक्षा किती करणार हे विचारत बसू नका. तुम्हाला हवं आहे ते थांबणं.

सरकारी शाळेत पुढची पायरी एसडीएमसी, म्हणजे शाळेची विकास आणि देखरेख समिती. त्यात पालकच असतात, पण त्रास देणाऱ्याचे नातेवाईकही तिथं असू शकतात. तसं असेल तर ती पायरी सोडून गटशिक्षणाधिकारी म्हणजे बीईओंकडे जा. त्यांच्यावर डीडीपीआय, म्हणजे जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक. बेळगाव जिल्ह्याचे शिक्षण खात्यात दोन जिल्हे आहेत: बेळगाव आणि खानापूरवाल्यांनी बेळगावच्या डीडीपीआय कचेरीत जायचं, निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, कागवाडवाल्यांनी चिकोडीला. चुकीच्या कचेरीत दिलेल्या अर्जानं महिना जातो. सीबीएसई शाळा असेल तर बोर्डानं २०१५ सालीच दादागिरी आणि रॅगिंगविरोधी समिती नेमायच्या सूचना दिलेल्या आहेत. त्या समितीबद्दल विचारा.

शिक्षकांनी काय करायचं, कुठल्या क्रमानं

तक्रार आली त्याच दिवशी पहिलं काम चौकशीचं नाही, सुरक्षिततेचं. आज हे मूल घरी कसं जाणार, कुणाबरोबर जाणार, ते ठरवा.

मग बोलणं, प्रत्येकाशी वेगळं. आधी ज्याला त्रास झाला त्याच्याशी, मग बघणाऱ्या दोनतीन मुलांशी, शेवटी त्रास देणाऱ्यांशी. हे शेवटचे तिघंचौघं असतील तर एकाच तासात, एकामागून एक बोलवा. मध्ये सुट्टी गेली की सगळ्यांची गोष्ट एकसारखी होऊन येते. नाव कुणी सांगितलं हे कळू देऊ नका. "आमच्या लक्षात आलंय" म्हणा, तेवढं पुरतं. आवाज चढवू नका. "का केलंस?" विचारलं की सबबी मिळतात. "काय झालं ते मला ठाऊक आहे. उद्यापासून तू काय वेगळं करणार?" असं विचारा आणि उत्तर त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. हिसकावलेली वस्तू, पैसे परत करायचे, पण शिक्षकांच्या हातून. माफी सक्तीनं मागायला लावू नका, आणि समोरासमोर तर नकोच. छळलेल्या मुलाला त्या खोलीत उभं राहणं हीच शिक्षा असते.

छडी अजिबात नको. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे, आणि बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना लागू आहे. शिवाय छडीनं त्या पोराला नेमकं तेच समजतं जे त्याला आधीपासून वाटत असतं, की ज्याच्या हातात ताकद त्यानं मारायचं. शिक्षकच एखाद्या मुलाला टोपणनावानं हाक मारत असतील, फी किंवा जात काढत असतील, तर वर्गाला मोकळं रान मिळतं. असली तक्रार सहकारी म्हणून झाकू नका.

दोन्हीकडच्या पालकांना त्याच आठवड्यात, वेगवेगळ्या वेळी बोलवा. तक्रारीची वेगळी वही ठेवा. आणि तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात त्या मुलाला बाजूला घेऊन विचारा. हेच काम सगळ्यात जास्त शाळांत राहून जातं. पहिले तीनचार दिवस सगळं शांत असतं, मग त्रास जागा बदलतो: वर्गातून बसमध्ये, हातातून तोंडात, स्वतःकडून चेल्याकडे. सहाव्या आठवड्यातलं विचारणं त्यासाठीच आहे.

जागा आणि वेळ

शाळेचा एक साधा नकाशा काढून त्याच्या प्रती वर्गात वाटा. नाव लिहायचं नाही, फक्त जिथं जायला भीती वाटते तिथं फुली मारायची. वीस मिनिटांत शाळेला जे कळतं ते वर्षभर कळलेलं नसतं. फुल्या बहुतेक करून मुतारी, नळ, जेवणाची रांग, सायकल स्टँड आणि शाळेमागची भिंत इथं पडतात. जेवणाच्या रांगेत अंडं घेणारा आणि केळं घेणारा यावरूनही टोमणे चालतात. तिथं एक मोठं माणूस उभं असलं की पुरतं.

शिक्षक कमी आहेत ही अडचण खरी आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात दोन शिक्षकांवर चालणाऱ्या शाळा आहेत. पण दिवसभर पहारा लागतच नाही. प्रार्थनेआधीची दहा मिनिटं, जेवणाची सुट्टी आणि शाळा सुटल्यावरची दहा मिनिटं, एवढ्याच वेळा सांभाळा. शिक्षकांनी एका जागी खुर्ची टाकून बसू नये, फिरत राहावं. मुतारीच्या दाराला आतून कडी बसवणं हा काहीशे रुपयांचा खर्च आहे आणि त्याचा फायदा पहिल्या दिवसापासून दिसतो.

बसचं वेगळं बघावं लागतं, कारण तिथं शाळेची नजर नाही आणि घराचीही नाही. लहानांनी कंडक्टरच्या जवळची सीट धरावी, तिघांनी मिळून चढावं-उतरावं. त्रास ठराविक फेरीलाच होत असेल तर मुख्याध्यापकांनी डेपो मॅनेजरना फेरीची वेळ घालून पत्र द्यावं. गर्दीतला ढकलाढकलीचा भाग जादा फेरी मिळाली तरच कमी होतो, ती मागणी पंचायतीमार्फत लावून धरा. ग्रामपंचायतीत मुलांची ग्रामसभा भरते. मुतारीची कडी, थांब्यावरचा दिवा, बसची फेरी हे विषय मुलांनीच तिथं मांडावेत. माणसांची नावं मात्र तिथं घ्यायची नाहीत, जागांचीच.

बघणाऱ्या मुलांवर थोडा वेळ खर्च करा, तो सगळ्यात जास्त फळतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात खेळाच्या मैदानावरचे प्रसंग कॅमेऱ्यानं टिपले होते. सोबतच्या मुलानं मध्ये पडल्यावर निम्म्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. मध्ये पडणारे मात्र थोडेच होते, कारण काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. मारामारी करायची नाही. चार गोष्टी शिकवा: हसायचं नाही, मोबाईलवर शूट करायचं नाही, त्या मुलाला "चल, सरांनी बोलवलंय" म्हणून तिथून बाहेर काढायचं, आणि नंतर मोठ्यांना सांगायचं. वर्गात दोनदा करून दाखवा. नुसतं भाषण दिलं तर विसरतात.

भाषेवरून चिडवणं

हे आपल्या भागाचं दुखणं आहे आणि ते दोन्ही बाजूंनी होतं. गावातल्या मराठी शाळेतून सातवी पास झालेलं पोर आठवीला मोठ्या गावच्या हायस्कुलात जातं. नवी शाळा, वरच्या वर्गातली दांडगी मुलं, आणि कन्नडचा धडा मोठ्यानं वाचायला उभं केलं की पहिल्या ओळीला वर्ग हसतो. जिथं मराठी मुलं जास्त आहेत तिथं घरी कन्नड बोलणाऱ्या एखाद्या पोराच्या मराठीची तशीच नक्कल होते. आठवीचे पहिले तीन महिने म्हणूनच सगळ्यात जोखमीचे.

जूनमध्ये नव्या मुलांना एकट्यानं उभं राहून वाचायला लावू नका. जोडीनं वाचू द्या, एक कन्नड सफाईदार असलेला, एक नसलेला. गणितात जोडी उलटी करता येते. शिक्षकांनी कुणाच्या उच्चाराची नक्कल करायची नाही, गमतीतही नाही. गावावरून, भाषेवरून नावं ठेवली तर ती तक्रार बाकीच्यांइतकीच गंभीर धरायची.

आणि मोठ्यांना कळकळीचं सांगणं: पोरांच्या भाषेवरच्या छळाला सीमाप्रश्नाचं रूप देऊ नका. संघटनेचे कार्यकर्ते शाळेत नेले, गावच्या ग्रुपवर फोटो टाकला, पेपरात नावासकट बातमी आली की दोन दिवस गाजावाजा होतो आणि तिसऱ्या दिवशी त्या पोराला त्याच बाकावर जाऊन बसावं लागतं, आता सगळ्या शाळेच्या नजरा झेलत. शिवाय छळ झालेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं बंदी आहे. त्रास देणाऱ्या अल्पवयीन मुलाचीही.

तुमचंच पोर त्रास देत असेल तर

शाळेतून निरोप आला की "आमचा तसा नाही" आणि "घरी ये, बघतो तुला" ही दोन्ही टोकं टाळा. मारून पाठवलं तर राग त्याच मुलावर निघतो. काय केलं ते त्याच्या तोंडून ऐका, घेतलेली वस्तू परत करायला लावा, नुकसानीचे पैसे त्याच्या खाऊच्या पैशातून कापा. सहा आठवडे मोबाईल घरच्यांच्या समोरच वापरायचा, शाळा सुटली की ठरल्या वेळी घरी. आणि शांतपणे बघा, त्याला कोण मारतंय: थोरला भाऊ, चुलता, वरच्या वर्गातला कुणी? घरात हात उगारला जात असेल तर तो आधी थांबवावा लागेल. इथं लाज धरण्यासारखं काही नाही. वेळेत हात घातला तर ही पोरं लवकर सुधारतात.

जिथं थांबायचं नाही

हाड मोडणं, डोक्याला मार, हत्यार दाखवणं, पैसे उकळणं, कपडे काढायला लावणं, अंगाला नको तिथं हात लावणं, उघडे फोटो: यात आठ दिवसांची मुदत, एसडीएमसीची बैठक, काहीच नको. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर किंवा ११२. लैंगिक प्रकार असेल तर पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं ज्याला कळलं त्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेत तडजोड करून दाबलं तर मुख्याध्यापकांनाही कैद होऊ शकते. त्रास देणारा अठराच्या आतला असेल तर त्याचा मामला बाल न्याय मंडळाकडे जातो, आणि लहानसहान प्रकारात सहसा एफआयआर होत नाही. म्हणून "केस घालून आत टाकतो" अशी धमकी देण्यात अर्थ नाही.

मूल "मला जगायचंच नाही" म्हणालं, किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, तर ते खरं धरा. थेट विचारा: "मरायचा विचार मनात येतो का?" विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट मूल मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका. शेतकऱ्याच्या घरात औषध फवारणीचे डबे आणि तणनाशक गोठ्यात नाहीतर जिन्याखाली उघडं असतं. ते आजच कुलपात घाला, किल्ली स्वतःकडे ठेवा, घरातल्या गोळ्याही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, बोलायची भाषा निवडता येते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून किंवा बेळगावच्या बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यातून मानसोपचाराचा सल्ला मिळतो.

शाळा बदलणं हा शेवटचा उपाय. बदलायचीच असेल तर आधी त्रास देणाऱ्याची तुकडी बदलता येते का ते बघायला सांगा, ज्याचा छळ झाला त्यानंच जागा सोडायची हे बरोबर नाही. तरीही टीसी काढायची वेळ आली तर शक्यतो मे महिन्यात काढा, मध्येच नको. नव्या शाळेच्या वर्गशिक्षकांना झालेला प्रकार दोन वाक्यांत सांगा, आणि शाळा सुरू व्हायच्या आधी त्या वर्गातल्या, त्याच बसनं जाणाऱ्या एका तरी मुलाशी ओळख करून द्या.